विडी, वही आणि प्रभुभोजन: निपाणी भागातील एका मंडळीचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी भागातील एका लहान मराठी भाषक ख्रिस्ती मंडळीत घडलेले आहे. मी त्या मंडळीचा पाळक नाही. सीमाभागातील मंडळ्यांच्या पंचांसाठी व उपदेशकांसाठी पवित्र शास्त्राचे अभ्यासवर्ग घेण्याचे काम माझ्याकडे असते आणि त्या निमित्ताने तेथील पाळकांनी हा प्रश्न माझ्यापुढे मांडला. ज्या बाईंविषयी हे लेखन आहे त्यांची, त्यांच्या नणंदेची आणि पाळकांची संमती घेऊनच ते केले आहे. ओळख पटेल असे तपशील मात्र वगळले आहेत. देवाच्या कृपेवर विसंबून जगणे आणि नियम पाळून देवापुढे उभे राहण्याचा प्रयत्न करणे यांतला फरक आपण उपदेशात नेहमी सांगतो. एखाद्या घरात तो पोटापाण्याच्या प्रश्नासह समोर आला म्हणजे मंडळी काय करते, हे येथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

निपाणीचे नाव तंबाखूशी जोडलेले आहे. आसपासच्या रानांत तंबाखू पिकते, गावात तंबाखूच्या वखारी आहेत आणि वखारीत काम करणाऱ्या किंवा घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर कित्येक घरांची चूल पेटते. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी येथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते, यावरून हे पीक या भागाच्या जगण्यात किती खोल रुजलेले आहे याची कल्पना यावी. अशा ठिकाणी ‘तंबाखूशी संबंध ठेवू नये’ हा नियम उच्चारणे सोपे असले, तरी त्याचा भार प्रत्येकाच्या खांद्यावर सारखा पडत नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 साली सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्टांकडे आले. त्यामुळे या भागातील बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर मेथडिस्ट शिस्तीचा ठसा आहे: दारू नको, तंबाखू नको, रविवारी धंदा नको, कमाईचा दशमांश बाजूला काढावा. ही शिस्त वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली कित्येक घरे तिच्या आधाराने पुन्हा उभी राहिली आहेत.

संबंधित बाई चाळिशी ओलांडलेल्या विधवा आहेत. पतीच्या आजारपणात दोघांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे पती वारले आणि मुलगी व मुलगा यांना वाढवण्याची जबाबदारी एकट्या बाईंवर आली. लग्नाआधीपासून त्या विड्या वळत आल्या आहेत. कारखान्याकडून मिळणारे पान आणि तंबाखू घरी आणायची, पान भिजवून कातरायचे, विड्या वळून दोऱ्याने बांधायच्या आणि हजारी हिशेबाने मजुरी घ्यायची, हा त्यांचा रोजचा क्रम होता. विडी कामगाराच्या ओळखपत्रामुळे मुलांना शिष्यवृत्तीही मिळत असे. त्या स्वतः कधी तंबाखू खात नाहीत.

काय घडले

पतीच्या निधनानंतर त्या मोठ्या नणंदेच्या ओढीने एका उपास-प्रार्थनेच्या गटात जाऊ लागल्या. हा गट मंडळीच्या बाहेरचा असला, तरी त्यातले पुष्कळ जण मंडळीचेच सभासद होते. गटात प्रत्येकाला एक वही दिलेली असे आणि तीत बुधवार व शुक्रवारचे उपास, रोज वाचलेले अध्याय, पहाटेची प्रार्थना, सभांची हजेरी आणि आठवड्याच्या मजुरीतून काढलेला दशमांश यांचे रकाने आखलेले असत. महिन्याच्या शेवटी वही सर्वांसमोर वाचली जाई. बाईंची वही पहिली दोन वर्षे सर्वांत भरलेली होती आणि नणंदेला तिचा अभिमान वाटत असे.

पुढे गटात तंबाखूचा विषय निघाला. जे हात तंबाखूला लागतात त्यांनी प्रभूची भाकर, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून मंडळीत होणाऱ्या प्रभुभोजनातली भाकर, घेऊ नये, असे गटप्रमुखांनी सांगितले. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात विडीचे काम सोडले. साड्यांना फॉल-पिको करणे आणि दोन घरची धुणीभांडी यांवर भागेना. मुलीची पीयूसीची फी, मुलाची पुस्तके, घराचे पत्रे, अशा एकेका कारणाने संघाचे (बायकांच्या कर्जगटाचे) कर्ज वाढत गेले आणि आठवड्याचा हप्ता चुकू लागला. शेवटी शेजारणीच्या ओळखपत्रावर त्यांनी रात्री दार लावून पुन्हा विड्या वळायला घेतल्या. वहीत मात्र ते लिहायला रकाना नव्हता.

त्यानंतर त्यांनी प्रभुभोजनाला येणे बंद केले. महिन्याच्या पहिल्या रविवारी काही ना काही कारण निघे. चुकीची भरपाई व्हावी म्हणून आठवड्यातला तिसरा उपास सुरू झाला, मग चौथा. मुलीला कावीळ झाली तेव्हा नणंद म्हणाली, “देवाला फसवून कुणाचं भलं झालंय?” बाईंनी तो निवाडा जसाच्या तसा स्वीकारला. एके सकाळी नळावर पाणी भरताना त्या चक्कर येऊन पडल्या, आशा कार्यकर्तीने त्यांना दवाखान्यात नेले आणि रक्त फार कमी झाल्याचे तपासणीत निघाले. पाळकांना सगळा प्रकार कळला तो येथे, दवाखान्याच्या बाकावर.

पंचांच्या बैठकीत

पाळकांनी नाव न घेता प्रश्न पंचांपुढे ठेवला, परंतु लहान गावात अशी नावे झाकून राहत नाहीत. काही पंचांचे म्हणणे असे होते, की आधी तिने विडी सोडावी, मग प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यावे. नियम एकीसाठी मोडला तर उद्या दारूवालाही हेच मागेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की गरिबाला कसला नियम लावता; पोटासाठी करते ते पाप नव्हे, विषय संपवा. पहिल्या बाजूला शास्त्रवचने पाठ होती आणि दुसऱ्या बाजूला कणव होती. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या आणि तरीही माझ्या मते दोघांच्या हातून एकच गोष्ट सुटली. दोघांनीही असे गृहीत धरले, की बाईंचे देवापुढचे स्थान विडीच्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. एक बाजू ते उत्तर कडक देत होती आणि दुसरी सैल. आपण देवाजवळ कशाच्या आधारावर येतो, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारलाच नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. त्या बैठकीत बसलेल्यांपैकी काहींची जमीन तंबाखूला खंडाने दिलेली होती. त्या खंडाचा दशमांश मंडळी वर्षानुवर्षे आभार मानून स्वीकारत आली होती आणि त्यांच्या प्रभुभोजनाविषयी कोणी कधी शंका घेतली नव्हती. नियम सर्वांसाठी आहे असे म्हटले जात होते. लागू झाला तो मात्र ज्या बाईंना स्वतःची जमीन नव्हती आणि ज्यांचे हात तंबाखूत दिसत होते त्यांनाच. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांतल्या गरिबाला पायांजवळची जागा देणाऱ्या मंडळीला जी कानउघाडणी आहे, ती या ठिकाणी शब्दशः लागू पडते. कृपेच्या शिकवणुकीविरुद्ध पुरावा म्हणून हेच पत्र पुढे करण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून त्यातला हा भाग मुद्दाम वाचावा असे मी सुचवतो.

पाळकांची भेट

पाळक बाईंच्या घरी गेले तेव्हा त्यांनी विडीचा विषय काढला नाही. मला त्यांचे हे वागणे या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. त्यांनी विचारले, “देव तुमच्याकडं कसा बघतो असं वाटतं तुम्हाला?” बाई म्हणाल्या, “साहेब, संघाची बाई हप्ता चुकलेल्या घराकडं बघती, तसं.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य जोडले: “पूर्वी मंगळवार-शुक्रवार धरत होते, आता बुधवार-शुक्रवार धरते. वार बदलला, भीती तीच हाय.”

या दोन वाक्यांत प्रकरणाचे निदान आहे, आणि ते बाईंनी स्वतः केले आहे. गलतीया प्रांतातील मंडळ्यांना पौलाने जे लिहिले त्याचा रोख नेमका हाच होता. मूळचे परराष्ट्रीय असलेले ते विश्वासी सुंता व सणवार पाळण्याच्या आग्रहाला बळी पडू लागले, तेव्हा तुम्ही दिवस, महिने, ऋतू व वर्षे पाळता, तुमच्यासाठी मी केलेले श्रम व्यर्थ गेले की काय, अशी चिंता त्याने चौथ्या अध्यायात व्यक्त केली. आणि त्याआधी तिसऱ्या अध्यायात, आत्म्याने सुरुवात केल्यावर आता देहाने पूर्णत्वाला जाऊ पाहता काय, असा थेट प्रश्न विचारला. जे दिवस त्यांच्यावर लादले जात होते ते शास्त्रातलेच होते, ही बाब आपल्या लक्षात राहत नाही. पौलाचा आक्षेप दिवसांच्या वाईटपणावर नव्हता. देवाने ख्रिस्तात जे देऊन टाकले आहे ते दिवस पाळून मिळवायचे, या समजुतीवर त्याचा आक्षेप होता.

हप्त्याचे बोलणे ऐकून पाळकांनी कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडला. आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला, असे चौदाव्या वचनात सांगितले आहे. लगेच पुढे, खाण्यापिण्याविषयी, सणाविषयी, शब्बाथाविषयी कोणी तुम्हांला दोषी ठरवू नये असे येते; आणि आणखी चार वचनांनंतर ‘हात लावू नको, चाखू नको, स्पर्श करू नको’ या विधींचा समाचार घेतलेला आहे. कर्ज फिटल्याचे वचन आणि स्पर्शाच्या नियमांचे वचन एकाच परिच्छेदात, एकाच युक्तिवादाचे दोन भाग म्हणून उभी आहेत. स्पर्शाचे नियम बाहेरून शहाणपणाचे दिसतात, त्यांत देहदंडही असतो, पण देहस्वभावाला आवरण्याच्या कामी त्यांचा उपयोग होत नाही, असे पौल शेवटी म्हणतो. ज्याच्या नावावर कर्ज उरलेलेच नाही त्याने हप्त्याच्या भीतीने का जगावे, हा त्या परिच्छेदाचा प्रश्न आहे. बाईंनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला आणि मग स्वतः वाचला.

मजुरी आणि दान यांतला भेद हजारी हिशेबाने काम करणाऱ्या बाईंना समजावून सांगण्याची गरज नव्हती. काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून गणली जात नाही, ती त्याची येणी असते, असे रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे. आणि जो काम न करता अधार्मिकाला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो, असे त्याला जोडूनच सांगितले आहे. वहीतले रकाने ही मजुरीची भाषा होती. अब्राहामाची गोष्ट पौलाने तेथे आणली ती सुंता होण्याआधीच त्याचा विश्वास गणला गेला हे दाखवण्यासाठी, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हा क्रम दाखवण्यासाठी.

क्रमाचा प्रश्न

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे जे वाटते ते येथे आहे. मंडळीने बाईंना सांगितलेला क्रम असा होता: आधी जीवन सुधारा, मग मेजाजवळ बसा. शुभवर्तमानातला क्रम याच्या उलट आहे. यरीहोत जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसला होता, तेव्हा येशूने त्याला खाली बोलावले आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले. जकातदारांचा तो मुख्य होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झाला होता, आणि येशू पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून सगळे कुरकुर करू लागले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे जक्कयाचे शब्द या भेटीनंतरचे आहेत. भेटीची अट म्हणून ते त्याच्याकडून वदवून घेतले असते, तर ती जकातीसारखीच आणखी एक वसुली झाली असती.

‘योग्यता नसताना भाकर खाऊ नये’ हे वचन गटात वारंवार सांगितले जाई, म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पूर्ण वाचणे आवश्यक आहे. करिंथात काय बिघडले होते हे पौलाने तेथेच लिहिले आहे: ज्यांच्याकडे होते ते आधीच जेवून घेत, कोणी मस्त होत, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत व लज्जित होत. आत्मपरीक्षेचा जो इशारा पुढे येतो तो गरिबाला लाजवणाऱ्या मंडळीला दिलेला आहे. तो इशारा घेऊन आपण एका उपाशी विधवेला मेजापासून दूर ठेवले, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते आणि या भागातल्या प्रत्येक पंचमंडळाने तिच्यावर विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेथडिस्ट शिस्तीचा दाखला देणाऱ्यांनी मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याचे चरित्रही पूर्ण पाहावे. ऑक्सफर्डमध्ये असताना वेस्ली व त्याचे सोबती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करीत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत, वेळेचा काटेकोर हिशेब ठेवीत. त्या काळात त्याच्या मनाला शांती नव्हती, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत रोमकरांस पत्रावरची मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, ख्रिस्ताने आपले, आपलेसुद्धा, पाप दूर केले आहे असा भरवसा त्याला प्रथम वाटला. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात, आधीच्या दिवसांत आपल्यापाशी विश्वास होता तो दासाचा, पुत्राचा नव्हता, असे त्याने नोंदवले.

तंबाखूविषयीचा नियम त्याने खरोखरच घातला होता. 1744 साली आपल्या लहान गटांना दिलेल्या सूचनांत, वैद्याने सांगितल्याखेरीज तपकीर किंवा तंबाखू वापरू नये, असे एक कलम आहे. पण त्या सूचनांची सुरुवात, जगावर जय मिळवणारा विश्वास तुमच्या ठायी आहे असे आम्ही धरतो, म्हणून तुम्हांला हे जड जाणार नाही, अशा अर्थाच्या वाक्याने होते. विश्वास पहिला, कलमे त्यामागून. शिवाय कलम चैनीसाठी तंबाखू वापरण्याविषयी होते. आणि प्रभुभोजनाविषयी तर 1740 च्या जून महिन्यातल्या नोंदीत त्याने स्पष्ट लिहिले आहे, की आपल्या पापी व असहाय अवस्थेची जाणीव याहून वेगळी कोणतीही पात्रता मेजाजवळ येताना लागत नाही. त्या कसोटीवर पाहिले, तर त्या मंडळीत बाईंइतके पात्र फार थोडे होते.

हा वाद केवळ प्रॉटेस्टंटांचा आहे असे बेळगाव-खानापूर भागातील आपल्या कॅथलिक बांधवांना वाटू नये. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, हे एकत्र मान्य केले. जागतिक मेथडिस्ट परिषदेने 2006 साली त्याला संमती दिली.

मराठी ख्रिस्ती जनांसाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक जवळचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली झाला; धर्म आपल्याला मिळाला होता, पण धर्माचा जीव असलेला ख्रिस्त काही वर्षांनी मिळाला, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. निपाणीच्या बाईंची अवस्था त्या मधल्या वर्षांतल्यासारखी होती.

पुढे काय झाले

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई मेजाजवळ आल्या. तेव्हाही त्या विड्या वळत होत्या आणि हे सर्वांना ठाऊक होते. पाळकांनी त्यांना भाकर व प्याला दिला. दोन कुटुंबे उठून गेली आणि त्यांतले एक परत आले नाही.

मग कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला प्रश्न अनेकांनी पाळकांना त्याच आठवड्यात विचारला. हा प्रश्न विचारला जातो याचा अर्थ कृपा बरोबर सांगितली गेली आहे, असे मी मानतो. कारण पौलाचा उपदेश ऐकूनही लोकांना तोच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर या प्रकरणापुरते असे दिसले. उपास कमी झाले, वही बंद झाली, आणि शेजारणीचे ओळखपत्र वापरणे बाईंनी कोणी न सांगता थांबवले. स्वतःचे ओळखपत्र पुन्हा सुरू करून त्या उघड्या दाराने काम करू लागल्या. खोटेपणा गेला तो भीती गेल्यामुळे. भीती असेपर्यंत तो टिकून होता, किंबहुना भीतीनेच तो पोसला होता. दशमांशाचा रकाना संपल्यावर त्यांचे देणे थांबेल अशी काहींची अटकळ होती. त्या अजूनही देतात, कधी कमी, कधी अधिक, आणि हप्त्याच्या आठवड्यात काहीच नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले मार्गदर्शन त्यांना पुरेसे आहे.

विडीच्या कामाचे काय, हा प्रश्न खरा आहे आणि कृपेच्या नावाखाली तो पुसून टाकणे मला मान्य नाही. विडीने माणसे आजारी पडतात, वळणाऱ्या बायकांच्या छातीतही ती धूळ जाते. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा या धंद्याला लागू आहे. फरक एवढाच, की आता तो प्रश्न बाईंच्या तारणाला टांगलेला नाही, त्यामुळे त्यावर मोकळेपणाने बोलता येते. त्या स्वतःच एकदा म्हणाल्या, “सोडायचं हाय मला, पण घाबरून नाही.” मंडळीच्या गरीब फंडातून संघाचे काही हप्ते भरले गेले, एका शिक्षक सभासदाने शाळेचे गणवेश शिवण्याचे काम मिळवून दिले. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत त्या शिवतात आणि उरलेल्या महिन्यांत विड्या वळतात. काम अर्ध्यावर आले आहे, संपलेले नाही.

नणंद

अभ्यासवर्गांत या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा नणंदेला परूशी, म्हणजे नियमपालनाचा गर्व बाळगणारी, म्हणून मोकळे होण्याचा मोह सर्वांना पडतो. मी तो होऊ देत नाही. त्यांचे यजमान एके काळी दारूपायी घरातली भांडीसुद्धा विकत होते. त्या गटाच्या कडक नियमांत आल्यावर त्यांची दारू सुटली आणि तेव्हापासून एकही नियम ढिला पडला तर ते दिवस परत येतील या धाकात त्या जगत आल्या आहेत. भावजयीच्या वहीचा अभिमान आणि मुलीच्या काविळीवरचे ते कठोर वाक्य ही दोन्ही एकाच धाकाची रूपे होती. बाईंना भाकर दिली गेली त्या रविवारी नणंद पाळकांना म्हणाल्या, “मग मी इतकी वर्षं जे पाळलं, ते सगळं पाण्यात गेलं का?”

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या थोरल्या मुलाचे बोलणे असेच आहे: मी इतकी वर्षे तुमची सेवाचाकरी केली, आज्ञा कधी मोडली नाही, तरी मला तुम्ही करडूही दिले नाही. धाकटा नियम मोडून दूर गेला, थोरला नियम पाळून अंगणात बाहेर उभा राहिला; बाप दोघांसाठी घराबाहेर आला, हे आपण उपदेशात क्वचित सांगतो. थोरल्याला त्याने रागावून परत पाठवले नाही. बाळ, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, जे माझे ते तुझे आहे, असे म्हणून त्याची समजूत घातली. तो मुलगा आत गेला की नाही हे दृष्टान्तात सांगितलेले नाही.

पाळकांनी नणंदेला तेच वचन दिले आणि तुमच्या घरातली दारू सुटली ती देवाची कृपाच होती, तुमच्या वहीची कमाई नव्हती, हेही सांगितले. त्यांना ते पटले असे म्हणता येणार नाही. काही महिने त्या मंडळीत आल्या नाहीत. आता येतात, मागच्या बाकावर बसतात, उपास पूर्वीइतकेच करतात. भावजयीकडे त्यांचे जाणे-येणे सुरू झाले आहे. बाई त्यांना अजूनही ‘वन्सं’ म्हणूनच हाक मारतात, आणि वहीचा विषय दोघींच्या बोलण्यात निघत नाही. माझ्या मते या प्रकरणात पाळकीय काळजीची खरी गरज आता नणंदेला आहे. ज्याचा नियम मोडला त्याला कृपा सांगणे त्या मानाने सोपे असते. ज्याला नियमाने एकदा वाचवल्यासारखे झाले आहे त्याच्या हातातून तो नियम हिसकावून घेता कामा नये. तो हात भरवशाने आपोआप सुटेपर्यंत सोबत करावी लागते.

सध्याची स्थिती

उपास-प्रार्थनेचा गट चालू आहे. वही सर्वांसमोर वाचण्याची पद्धत पाळकांच्या विनंतीवरून बंद झाली, वह्या मात्र काही जण ठेवतात. तंबाखूविषयी मंडळीने कोणती भूमिका घ्यावी हा विषय त्यानंतर पंचांच्या बैठकीत एकाहून अधिक वेळा निघाला आणि खंडाने दिलेल्या जमिनींचा मुद्दा आला की तेथेच थांबला. मजुरी करणाऱ्यापासून जमीन मालकापर्यंत सर्वांनी मिळून हा प्रश्न हाताळावा, तोवर प्रभुभोजनाचा संबंध त्याच्याशी जोडू नये, असा ठराव पाळकांनी मांडला आहे. तो अद्याप मंजूर झालेला नाही. पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी कलस्सैकरांस पत्राचा आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून येण्यास त्यांनी पंचांना सांगितले आहे, आणि त्या बैठकीला विडी वळणाऱ्या बाईंनाही बोलावले आहे.